आधीचंच ठेवा

हातात शेवभाजीचं पातेलं होतं म्हणून, नाहीतर त्या रविवारी मी माझ्या धाकट्या भावाच्या थोबाडीत दिली असती. पन्नाशी उलटलेला घोडा आहे तो, तरी दिली असती.

झालं असं, की अण्णा जेवायला बसले होते. भूषण त्यांच्या ताटात भाकरी कुस्करत होता. अण्णांनी त्याचं मनगट धरलं आणि म्हणाले, "सिंधू गेली तेव्हा तू जवळ होतास, हे फार बरं झालं बाबा. तुझ्या हातचं पाणी पिऊन गेली ती."

सिंधू म्हणजे आमची आई. तिच्या तोंडात शेवटचं पाणी मी घातलं होतं, चमच्याने. तुळशीचं पानही मीच ठेवलं. भूषण तेव्हा पुण्यात नोकरीला होता. मी दोनदा फोन केला आणि दोन्ही वेळा हा म्हणाला, "उद्या निघतो ताई." अण्णांचं ब्लडप्रेशर इतकं चढलं होतं की डॉक्टरांनी त्यांना इंजेक्शन देऊन पलीकडच्या खोलीत झोपवलेलं. आईजवळ फक्त मी होते.

मी भूषणला स्वयंपाकघरात ओढलं. "हे काय सांगितलंस रे त्यांना?"

तो ओट्याकडे बघत म्हणाला, "सांगितलं नाही. लिहिलं."

आता हे 'लिहिलं' म्हणजे काय, ते सांगायला हवं. अण्णा रेल्वेत इंजिन ड्रायव्हर होते. भुसावळ ते इगतपुरी मार्गावरचा एकेक सिग्नल त्यांना पाठ. पण दोन वर्षांपूर्वी विसरायला लागले. आधी चष्मा, मग किल्ल्या, मग आई गेल्याचंच विसरले. "सिंधू अजून बाजारातून आली नाही का?" असं रोज विचारायचे.

तेव्हा आम्ही त्यांच्या कानात कुजबुज्या बसवला. त्याचं खरं नाव लांबलचक आहे, पण सगळे कुजबुज्याच म्हणतात. हरभऱ्याएवढं यंत्र असतं. ज्याने ते शोधलं त्याच्या लक्षात एक साधीच गोष्ट आली होती. विसराळू माणसाला दुसऱ्याने सांगितलेलं टिकत नाही, पण तेच त्याच्या स्वतःच्या आवाजात कानात हळू सांगितलं, तर मेंदू ती आपलीच आठवण समजून घेतो. अण्णांचा आवाज घेतला, यंत्राला शिकवला. आता कोणी आईचं नाव काढलं की कुजबुज्या अण्णांच्याच आवाजात पुटपुटतो, 'सिंधू गेली, सहा वर्षं झाली,' आणि अण्णांना वाटतं, हं, आठवलं आपल्याला.

पण यंत्राला हे कळतं कुठून? तर अण्णांच्या नावाची पानं असतात, विकीसारखी. 'सिंधू', 'घर', 'नोकरी', 'हेमा', 'भूषण'. घरचे ती पानं लिहितात, दुरुस्त करतात आणि कुजबुज्या तिथून वाचतो. म्हणजे पान लिहील तो माणसाची आठवण लिहील. हे भयंकरच आहे हो! सुरुवातीला लोकांनी काय काय करून ठेवलं होतं. म्हाताऱ्यांच्या पानांवर 'घर धाकट्याला देतो असं मी कबूल केलं होतं' असलं घुसडलेलं. म्हणून कायदा आला. पानाची कुठलीच आवृत्ती पुसायची नाही. नवीन लिहिलंत की जुनं मागे तसंच राहतं आणि प्रत्येक आवृत्तीचा ठसा निघतो.

ठसा म्हणजे पानावरचा सगळा मजकूर गणिताच्या जात्यातून दळून निघालेली अक्षर-आकड्यांची एक ओळ. एक अनुस्वार इकडचा तिकडे झाला तरी ठसा पार बदलतो. आणि पिठावरून गहू परत मिळत नाही, तसा ठशावरून मजकूर काढता येत नाही. पण मजकूर तोच असेल तर ठसा तोच, केव्हाही काढा. म्हणून तेच पान कोणी परत जसंच्या तसं आणून ठेवलं, तर यंत्र दुसऱ्यांदा साठवत बसत नाही. नुसती नोंद करतं की हे अमक्या ठशाचंच आहे. मी गणिताची बाई, जळगावच्या शाळेत. मला हे फार आवडलं होतं. निदान एक गोष्ट तरी जगात अशी, जिच्यात वशिला चालत नाही!

पानं सुरू केली तेव्हा कुजबुज्या बसवून देणाऱ्या केंद्रातल्या मुलीने आम्हाला समोर बसवून सांगितलं होतं, "पानांचे मालक आजोबा. तुम्ही दोघं फक्त लिहिणारे. मोठा बदल केलात तर यंत्र तो आजोबांना त्यांच्या शुद्धीच्या वेळी वाचून दाखवेल." मी म्हटलं, बरं बरं, कुठे सही करू? पंगतीत पोट भरलेल्यालाही 'वाढू का?' विचारतात, तसलाच काहीतरी उपचार वाटला मला. ज्यांना सकाळचा चहा घेतलेला आठवत नाही, त्यांना काय विचारणार?

तर त्या रविवारी ओट्यापाशी उभी राहून मी 'सिंधू'चं पान उघडलं. भूषणने लिहिलं होतं: 'शेवटच्या वेळी भूषण उशाशी होता. पाणी त्याने पाजलं. सिंधू शांतपणे गेली.' माझं नावसुद्धा नव्हतं. मी त्याच्यासमोरच ते खोडलं आणि लिहिलं, 'शेवटच्या वेळी हेमा उशाशी होती. पाणी तिने पाजलं. भूषण पुण्याला होता.'

"लाज वाटते का काही?" मी विचारलं.

"वाटते," तो म्हणाला. आणि अण्णांचं ताट उचलायला बाहेर गेला.

मला आणखी चीड आली. भांडणाऱ्याशी भांडता येतं, पण असं 'वाटते' म्हणणाऱ्याशी काय करायचं?

इथे एक कबूल करायला हवं. अण्णांना भूषणच सांभाळत होता. पुण्याची नोकरी सोडून आला. बायको तर आधीच सोडून गेली होती. अण्णांची आंघोळ, कपडे, रात्रीचं उठणं, सगळं तोच बघायचा. मी रविवारची पाहुणी. डबा आणायची, चार सूचना करायची, संध्याकाळच्या गाडीने परत. म्हणून तर ते पाणी मला हवं होतं! माझ्याजवळ तेवढंच होतं. बापाच्या डोक्यात माझ्या नावावर एवढी एकच गोष्ट राहणार, तीसुद्धा याने न्यावी?

पुढच्या रविवारी गेले, तर अण्णा अंगणात खुर्चीवर. मी मुद्दामच आईचा विषय काढला. ते भूषणकडे बोट करून म्हणाले, "हा होता उशाशी. पाणी पाजलं याने."

मी फोन काढला, पानाचा ठसा बघितला. भूषणच्या जुन्या आवृत्तीचा ठसा मी लिहूनच ठेवला होता. अक्षर न् अक्षर तोच! परत आणून ठेवलं होतं गाढवाने, जसंच्या तसं.

मी पूर्वी बोर्डाच्या परीक्षेत भरारी पथकावर जायचे. दोन पेपरांत चुकीसकट तेच उत्तर दिसलं की मी पुढचं काही विचारायची नाही, पेपर ओढून घ्यायची. पोरं रडायची, पालक पाया पडायचे, पण माझं कधी चुकलं नाही. निदान मला तसं वाटायचं. ठसा जुळला, विषय संपला. कोणी केलं, कधी केलं, का केलं, या सगळ्याची नोंद त्या पानाच्या मागेच असते, एका बोटाच्या अंतरावर. मी उघडलीच नाही. कशाला उघडू? मजकूर भूषणचा, म्हणजे चोर भूषण.

"मी हात लावला नाही ताई," तो म्हणाला.

"मग काय भुताने लावला?"

मी परत दुरुस्त केलं. पुढल्या खेपेला ते परत जुनं झालेलं. मी परत केलं. असं चाललं होतं. मधल्या दिवसांत फोनवर मी त्याला काय वाटेल ते बोलले. तो ऐकून घ्यायचा आणि शेवटी एवढंच, "अण्णांचा डोळ्यांचा ड्रॉप संपलाय, येताना आणशील?"

मग सहस्रचंद्रदर्शन आलं. अण्णांना एक्क्याऐंशीवं लागलं होतं. भूषणने हॉल घेतला, सगळी खानदेशभरची माणसं बोलावली. वरण-बट्टी, वांग्याची भाजी. बायकांनी अण्णांना दिव्यांनी ओवाळलं. अण्णा नव्या टोपीत, हार घालून, लहान मुलासारखे खूश दिसत होते. भिंतीवर मोठा पडदा लावला होता, त्यावर जुने फोटो. इंजिनाच्या दाराशी उभे अण्णा, शेजारी नऊवारीतली आई.

आईचा फोटो आला आणि कोणीतरी अण्णांच्या हातात माईक दिला. अण्णा म्हणाले, "ही माझी मंडळी. ही गेली तेव्हा मी झोपलेलो होतो. पण माझा भूषण होता. पाणी पाजलं त्याने. पोराने आईचं केलं, बापाचं करतोय. आणखी काय पाहिजे?"

टाळ्या पडल्या. माझ्या आत्याने पदराने डोळे पुसले. मावशी शेजारून म्हणाली, "पोरगा असावा तर असा. लेकी काय गं, आपापल्या घरी."

झालं! माझ्या मस्तकात तिडीक गेली. मी पुढे गेले, माईक घेतला आणि बोलले. इतके दिवस मनात घोकलेलं, सगळं बोलले. हा नव्हता. हा पुण्यात होता. पाणी मी पाजलं. याने अण्णांच्या पानावर खोटं लिहिलं, मी खरं केलं तर परत खोटं केलं, पुन्हा पुन्हा केलं. आंधळ्या माणसाच्या ताटातलं चोरावं तसं याने चोरलं.

हॉलमध्ये बट्टी चुरण्याचा आवाज थांबला. भूषण पंगतीत तूप वाढत होता. तुपाची वाटी हातात, तसाच उभा राहिला.

"पहिल्यांदा मी लिहिलं," तो म्हणाला. माईक नव्हता, तरी सगळ्यांना ऐकू गेलं. "त्याआधी मीच खरं लिहिलेलं होतं ताई, तुझंच नाव होतं. पण अण्णांना रोज सकाळी नव्याने कळायचं की मी आलो नव्हतो. रोज पहिल्यांदा. तुम्हाला मी एकदा नालायक वाटलो, नंतर सवय झाली. त्यांना सवयच होईना. मला सोसेना, म्हणून लिहिलं. पण तू दुरुस्त केल्यावर मी हात लावलेला नाही."

"खोटारडा!" मी म्हटलं. "ठसा तुझा आहे."

तेव्हा आमचे मामा उठले. मामांना भांडण मिटवायची हौस, त्यांनी जन्मभर तेच केलं. "हेमा, एवढं बोलतेस तर दाखव ना सगळ्यांना. पडदा आहेच समोर."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी फोन पडद्याला जोडला. आईच्या फोटोच्या जागी पान आलं. मी ऐटीत सांगितलं, हा बघा आधीचा ठसा, भूषणचा. मध्ये हा माझा. आणि हा बघा नंतरचा, आहे की नाही तोच? लोकांनी माना डोलावल्या. मग मी 'कोणी बदललं' यावर बोट ठेवलं. पहिल्यांदाच ठेवलं.

पडद्यावर एकाखाली एक ओळी उघडल्या. हेमलता. मुरलीधर फिरके, मालक. हेमलता. मुरलीधर फिरके, मालक. हेमलता. मुरलीधर फिरके, मालक. भूषणचं नाव फक्त अगदी वर होतं, माझ्या पहिल्या बदलाच्या आधी.

मुरलीधर फिरके म्हणजे अण्णा.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. माझा प्रत्येक बदल यंत्राने दुसऱ्या दिवशी सकाळी, आंघोळीनंतरच्या त्यांच्या लख्ख तासात, त्यांना वाचून दाखवला होता. आधी असं होतं, आता असं केलंय, चालेल का? भूषणचा बदल त्यांनी असाच ऐकून राहू दिला असणार, आणि माझ्या बदलाला मात्र दर वेळी आधीचं परत आणायला सांगितलं होतं. मजकूर भूषणचाच होता, म्हणून ठसा तोच आला. ठसा मजकुराचा असतो, आणणाऱ्या हाताचा नसतो. हे मी आठवीच्या पोरांना पाठ करायला लावलं असतं, एवढं ते सोपं आहे.

प्रत्येक ओळीपुढे 'बदलाचं कारण' असतं. बोललेलं जसंच्या तसं लिहून घेतात. मी फोन बंद करायला हवा होता, केला नाही. मामांनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली, कारण मामांना पडद्यावरचं काहीही मोठ्यानेच वाचायची सवय.

"'आधीचंच ठेवा. पोरगा नव्हता हे मला कळलं. पण तो लाजतो. मीही झोपलेलोच होतो की.'"

मामा थांबले. पण मागून कोणीतरी म्हणालं, पुढचं वाचा.

"'आधीचंच ठेवा. भूषणला सांगू नका मी ऐकलं म्हणून. हेमाने पाणी पाजलं, तिला ते माहीत आहे, तिला पुरे.'"

आणि मग शेवटचं.

"'आधीचंच ठेवा. हेमाला राग नाही येणार. तिचं मन मोठं आहे.'"

प्रत्येक वेळी वेगळं वाक्य, कारण आधी आपण हे केलंय हे त्यांना आठवतच नव्हतं. दर वेळी त्यांना खरं पहिल्यांदा कळलं, दर वेळी त्यांनी पहिल्यांदा विचार केला आणि दर वेळी तिथेच पोचले. ज्यांना मी विचारायच्या लायकीचे समजले नव्हते, ते माझे वडील! आणि मी, मोठ्या मनाची हेमा, दोनशे माणसांसमोर माईक धरून उभी.

धरणीमाय पोटात घेईल तर बरं, असं बायका म्हणतात ना, तसं मला झालं. माझ्याकडे कोणी बघत नव्हतं, तेच जास्त वाईट होतं. मावशी ताटातली बट्टी उगाच बारीक करत राहिली.

अण्णांनी पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "कोण म्हणालं हे? चांगलं म्हणालंय."

"तुम्हीच," मी म्हटलं.

"मी?" ते हसले. "मला कुठे आठवतंय."

भूषणने वाटी टेबलावर ठेवली. त्याचं तोंड मी उभ्या जन्मात विसरणार नाही. आपण बापाला फसवतोय असं तो समजत होता, आणि बाप त्याला सांभाळून घेत होता. हे त्याला असं कळावं, गावाच्या देखत, वांग्याच्या भाजीच्या वासात! अण्णांनी 'भूषणला सांगू नका' म्हटलं होतं आणि मी पडदा लावून सांगितलं. तो अण्णांच्या पाया पडला आणि हॉलबाहेर गेला. मी मागे धावले, "भूषण, अरे ऐक तरी!" तो थांबला नाही. संध्याकाळी घरी आलो तर त्याची बॅग नव्हती. ओट्यावर अण्णांच्या गोळ्या सकाळ-दुपार-रात्र अशा लावून ठेवलेल्या, आणि कोणती जेवणाआधी, कोणती नंतर, ते मोठ्या अक्षरात.

रात्री मी शाळेत निरोप पाठवला की येत नाही. केव्हा येईन, ते लिहिलं नाही.

सकाळी अण्णांना आंघोळ घातली. मला जमत नव्हतं. पाणी जास्त गरम झालं, साबण डोळ्यांत गेला. मग कपडे घालून अंगणात खुर्चीवर बसवलं, चहा दिला. त्यांचा लख्ख तास सुरू झाला होता. डोळे अगदी पूर्वीसारखे, गाडी प्लॅटफॉर्मला लावताना असायचे तसे. कालचं मात्र काही आठवत नव्हतं. कालचं आम्ही कोणी कुठल्या पानावर लिहिलंच नव्हतं.

"भूषण कुठे आहे?"

"बाहेर गेलाय. येईल."

"गुणी पोरगा," अण्णा म्हणाले. चहाचा घोट घेतला. कुजबुज्या पुटपुटला असावा, कारण त्यांनी किंचित मान तिरकी केली. "सिंधू गेली तेव्हा तोच होता उशाशी. पाणी पाजलं त्याने. हो ना?"

खरं माझ्या जिभेवर होतं. एक वाक्य. आता अडवायला तिथे कोणी नव्हतं.

"हो अण्णा," मी म्हटलं. "भूषणच होता."

त्यांनी मान डोलावली. समाधान झालं त्यांचं. कप खाली ठेवला आणि मग त्यांना काहीतरी सुचलं. ते माझ्याकडे वळले.

"आणि हेमा, तू गं? तू कुठे होतीस?"

याचा मी विचारच केला नव्हता. भूषणच्या पानावर माझं नाव नव्हतं. खोटं पुरं करायचं तर मला कुठेतरी असायला हवं होतं, आणि ती जागा मलाच भरायची होती.

"मी जळगावला होते," मी म्हटलं. "भूषणचा फोन आला होता. मी म्हटलं, उद्या निघते."

अण्णा माझ्याकडे बघत राहिले. रागावले नाहीत. रागावले असते तर चाललं असतं. हळूहळू त्यांचा चेहरा उतरत गेला, पहिल्यांदाच कळल्यासारखा. मग ते अगदी बारीक आवाजात म्हणाले, "वाट बघत असेल गं ती तुझी."

मी मान खाली घातली. आईचं डोकं माझ्या मांडीवर होतं हे मला पक्कं माहीत असूनही मला लाज वाटली, खरी, पोटातून आलेली. उद्या सकाळी ते पुन्हा विचारणार होते आणि पुन्हा असेच बघणार होते.

कप उचलून मी आत आले आणि भूषणला फोन लावला. त्याने उचलला नाही. मी पुन्हा लावला.